भुरीबाई आणि डांबराचं छप्पर

"लेकरू कुठी निजते?"

फाटकातून आत आल्याआल्या भुरीबाईनं पहिलं हेच विचारलं. पाणी मागितलं नाही, छप्पर कुठलं ते पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत ती अंगणात उभी राहिली आणि सुनीतीच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहू लागली.

सुनीतीला वाटलं, ही बाई ओळख काढते आहे. पण शेजारचे पुंडलिकराव, ज्यांनी तिला तांड्यावरून मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं, ते म्हणाले, "सांगा वयनी. हे इचारल्याबिगर थे शिडीले हात नाई लावत. माह्या गोठ्यावर चढली तवा म्हने, वासरू कुठी बांधता."

"वरच्या खोलीत," सुनीती म्हणाली. "खिडकीजवळच्या पलंगावर."

"मंग तठूनच सुरू करू," भुरीबाई म्हणाली.

ती जेमतेम पंचेचाळीस किलोची असेल. वय पंचावन्नच्या पुढे, कातडी उन्हानं वाळलेली, आणि पायांची बोटं एकमेकांपासून सुटी, लांब, हाताच्या बोटांसारखी. आयुष्यभर ती कवेलूच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, छपरांवरून चालली होती. घाटंजीच्या आसपासच्या पन्नास गावांत दर उन्हाळ्यात कवेलू उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, चांगले परत रचायचे, हे तिचं काम. आता कवेलूची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. सगळीकडे टिनं आली, नाहीतर स्लॅब.

आणि सुनीतीच्या घरावर तर वेगळंच प्रकरण होतं. आठ वर्षांपूर्वी वरची खोली बांधताना जुन्या भिंती स्लॅबचं वजन पेलणार नाहीत असं निघालं. तेव्हा नागपूरच्या एका ठेकेदारानं तिच्या नवऱ्याला, चारुदत्तला, शिंगलची कल्पना दिली. लाकडी उतरत्या पाट्यांवर डांबरात भिजवलेल्या जाड पट्ट्या, त्यांच्यावर बारीक रंगीत खडी, आणि माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक ठोकलेल्या. हलकं, देखणं, पोस्टकार्डावरच्या घरासारखं. गावातले लोक मुद्दाम बघायला यायचे. ठेकेदार पुढे कुठे गेला कुणास ठाऊक, त्याचा फोन लागेना.

छप्पर गळायला लागलं तीन वर्षांपूर्वी. त्याचं खरं दुःख गळण्याचं नव्हतं. नऊ वर्षांच्या शाल्मलीला दमा होता. खालच्या मजल्यावर काळ्या मातीतून ओल भिंतींत चढायची, म्हणून तर वरची खोली तिच्यासाठी बांधली होती, आणि आता त्याच खोलीच्या छतात बुरशी धरली. मागच्या जुलैत सहा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खोली कोरडी करा, नाहीतर पावसाळ्यापुरती मुलगी दुसरीकडे ठेवा. सुनीतीच्या बहिणीनं, केतकीनं, नागपूरला तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. चार महिने. शाळासुद्धा तिकडेच.

शाल्मली रोज विचारायची, "ठरलं का गं आई?" आणि सुनीती रोज म्हणायची, "बघू."

यवतमाळहून आलेल्या एका माणसानं छप्पर खालूनच पाहून सगळं उखडून टिन टाकायला सांगितलं होतं. वरच्या खोलीत मे महिन्यात टिनाखाली लेकराला झोपवायचं म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

भुरीबाईनं पायातली चांदीची कडी काढली आणि शाल्मलीच्या हातात दिली. "धर छोरी. हे पायात राह्यले का कवेलू फुटते." मग वर जाऊन तिनं खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि अंधाऱ्या खोलीत फरशीवर चक्क उताणी झोपली. दुपारचे साडेबारा झाले होते. ही तिची नेहमीची रीत होती. ऊन डोक्यावर असताना कवेलूच्या घरात आतून निजलं की प्रत्येक भोकातून उजेडाचा कवडसा जमिनीवर पडतो. ती त्या कवडशांवर चुन्याचे ठिपके काढायची आणि मग वर चढून नेमके तेवढेच कवेलू हलवायची.

चारुदत्तनं आदल्या संध्याकाळी खालचं प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत काढून ठेवलं होतं, त्यामुळे आतल्या लाकडी पाट्या उघड्या होत्या. भुरीबाई पाच मिनिटं पडून राहिली. दहा मिनिटं. मग उठून बसली.

"एक बी टिपका नाई," ती म्हणाली. "हे छप्पर आंधळं हाय."

सुनीतीचा धीर तिथंच सुटला. तरी बाई वर चढली, त्याच उन्हात, अनवाणी. कवेलूच्या कामाला हीच वेळ असते. वर काळं प्लास्टिक पसरलेलं होतं. ते चारुदत्तचं काम. मागच्या पावसाळ्यात गावातल्या प्रत्येक गळक्या घरावर असतं तसं त्यानंही प्लास्टिक अंथरून दोऱ्यांनी ताणून बांधलं होतं, आणि पाऊस संपल्यावर ते काढायचं राहून गेलं होतं. उन्हानं ते डांबराला चिकटलं. भुरीबाईनं एक टोक धरून ओढलं, तसं कुजलेल्या दोऱ्या तोडत सगळं प्लास्टिक निघून आलं, त्याबरोबर ठिकठिकाणी खडी सोलून निघाली आणि खालचं काळं डांबर उघडं पडलं. ती तोल सांभाळायला एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल शिंगलमध्ये रुतलं.

ती झटकन खाली उतरली. तळव्याला डांबर लागलं होतं. वर छपरावर तिचं पाऊल उमटलं होतं, पाचही बोटांसकट, ओल्या सिमेंटवर उमटावं तसं.

"अहो, हे काय केलंत?" सुनीती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती धडपडत होती, तरी चढलाच. "येत नव्हतं तर सांगायचं होतं. आधीच गळतंय, त्यात आणखी भोकं."

भुरीबाई तळव्याचं डांबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होती. "मले ठाऊक नव्हतं, बाई," ती म्हणाली. कारण दिलं नाही, उन्हाला दोष दिला नाही. छपरावरून घरंगळून अंगणात पडलेला शिंगलचा एक वीतभर तुकडा तिनं उचलला. "हे नेऊ का घरी?"

"न्या," सुनीती म्हणाली.

पुंडलिकराव तिला सोडायला निघाले तेव्हा म्हणाले, "काय भुरीबाई, आज पयल्यांदा छपरानंच तुले धरलं म्हना."

ती हसली नाही.

त्या संध्याकाळी सुनीतीनं केतकीला फोन केला. पंधरा जूनच्या आत घेऊन येते, असं सांगितलं. शाल्मली दाराशी उभी होती. आपल्या दप्तरातून रंगपेटी काढून तिनं कपाटात, जिथं नागपूरला न्यायचं सामान ठेवलं होतं तिथं, नेऊन ठेवली. एवढ्या समजूतदारपणाची सुनीतीला भीती वाटायची. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुनीती दूध घ्यायला दार उघडते, तर पायरीवर भुरीबाई बसलेली. तांड्यावरून पायी आली होती, चार किलोमीटर. पदराच्या गाठीत तो तुकडा होता.

"बाई, हात लावून पाहा," ती म्हणाली.

सुनीतीनं तो हातात घेतला. गार, चिवट.

"काल नेल्यावर उन्हात ठुला. लोण्यावानी झाला, नख रुतलं. मंग माठाखाली ठुला, त गार होऊन कडक झाला, वाकवला त चर्रकन चीर गेली. आता पाहा. पहाटे हे चामड्यावानी हाय. वाकते बी, तुटत बी नाई." ती तुकडा वाकवून दाखवत होती. "म्हंजे याचा टाइम हा हाय. पाच ते साडेसात. मंग याले हात नाई लावा. काल म्या याले कवेलू समजून राह्यली होती. हे कवेलू नोहे."

ठेकेदारानं आठ वर्षांपूर्वी दिलेलं इंग्रजी माहितीपत्रक सुनीतीकडे होतं. कपाटाच्या तळातून तिनं ते काढलं. त्यात लिहिलं होतं की दुरुस्ती थंड वेळी करावी, कडक उन्हात छपरावर चालू नये, फार थंडीत पट्टी तुटते. दोन पानांत जे छापलं होतं ते या बाईनं एका रात्रीत माठ आणि ऊन यांच्याकडून वाचून काढलं होतं. तिनं ते पत्रक पुन्हा ठेवून दिलं आणि चहा टाकला.

चहा पिताना भुरीबाई आतल्या पाट्यांवरून हात फिरवत होती. डाग शाल्मलीच्या पलंगाच्या बरोबर वर होता, काळा, परातीएवढा. पण तिनं डागाकडे पाहिलंच नाही. डागापासून वर जाणारी एक पिवळसर रेघ तिला हवी होती. ती रेघ लाकडाच्या रेषांत मिसळून गेलेली होती, सुनीतीला दिसतसुद्धा नव्हती. भुरीबाई डोळे मिटून बोटांनी तिच्या मागे मागे जात राहिली. "पानी जठी पडते तठून येत नाई," ती म्हणाली. "पानी लाकूड धरून चालते. थे वरतून आलं हाय. कुठून थे पाह्याले पानीच टाका लागते."

घरात नळ आठ दिवसांनी यायचा. दोन घागरी भरून ठेवल्या होत्या. सुनीतीनं त्यातली एक पुढे केली.

"मी टाकाले गेली त आतून कोन ऐकन?" भुरीबाई म्हणाली. "थेंब कसा बोलते थे मले ठाऊक. तुमी जा वर."

सुनीतीला कुणाच्या गच्चीच्या कठड्यावरून खाली बघायचीसुद्धा भीती वाटे. चारुदत्त पहाटे चारलाच पुसदला कामावर निघून गेला होता. सासरे यज्ञेश्वर खाली आरामखुर्चीत बसून म्हणाले, "सूनबाई, पुंडलिकरावांना हाक मारा." पण पुंडलिकराव शंभर किलोचे होते, आणि भुरीबाईनं मान हलवली. "थे चढले त छप्परच आपल्याले भेटाले खाली येईन."

भुरीबाईनं सुनीतीच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खिडकीच्या गजाला. "पायाच्या बोटांनी धरा. टाचेवर वजन देऊ नका. खालच्या वळीपासून सुरू करा, तांब्यानं, हळू. आतून मी काठी वाजवन. एकदा वाजली का थांबा. दोनदा वाजली का एक हात वर सरका."

सुनीती चढली. शिडी संपून छपरावर पहिलं पाऊल टाकताना तिचे कान बंद झाले. मग पायाखाली खडीचा खरखरीत गारवा लागला आणि तिला कळलं की आपण उभ्या आहोत. समोर घाटंजीचं अर्धं गाव पसरलं होतं, त्याच्या पलीकडे नांगरून ठेवलेली काळी वावरं, आणि त्यांच्यावर नुकता पडू लागलेला उजेड. आठ वर्षं ती या छपराखाली काळजी करत राहिली होती. त्याच्यावरून किती दिसतं हे तिला माहीत नव्हतं. तिच्या पायाजवळ कालचं पाऊल होतं. लहान, मुलीच्या पावलाएवढं.

तिनं तांब्या ओतला. खालून काठी वाजली, टक टक. ती सरकली. तांब्या. टक टक. पायाखालचं छप्पर बोलतंय असं वाटत होतं, आणि ते तिला रस्ता सांगत होतं. सोललेल्या, काळ्या पडलेल्या भागावर तिनं दोन तांबे जास्तच ओतले, कारण तिला खात्री होती की गळती तिथंच आहे. टक टक. तिथं नव्हती. कालच्या पावलावर ओतलं. टक टक. तिथंही नव्हती. ती वर वर जात राहिली आणि शेवटी दोन उतार मिळतात त्या माथ्याच्या जरा खाली पोचली.

टक.

एकच. मग आतून भुरीबाईचा आवाज, शांत. "तठीच राहा. हाताखाली काय हाय?"

सुनीतीनं हात फिरवला. खिळा. डोकं वर आलेला, गंजलेला. त्याच्याशेजारी वीतभर अंतरावर दुसरा. मग तिसरा. माथ्याच्या कडेनं ओळीनं चौदा खिळे होते, आणि प्रत्येकाला दोरीचा कुजका तुकडा. प्लास्टिक बांधायला चारुदत्तनं ठोकलेले. आधीचं गळणं थोडंसं असेल. त्यावर पांघरूण घालायच्या नादात त्यांनी स्वतःच लेकराच्या डोक्यावर चौदा भोकं पाडली होती.

खाली आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा भुरीबाईला नवल वाटलं नाही. "कवेलूवर दोरी बांधाची असन त आमी वाश्याले खिळा ठोकतो. कवेलू त्याले झाकते. साहेबानं बी तेच केलं. मी काल कवेलू समजली, थे मांगच्या साली समजले. सारखेच हावो."

पुढचे पाच दिवस ती रोज पहाटे आली. जिन्याखाली ठेकेदारानं टाकून दिलेला एक गठ्ठा सापडला, त्यात अकराच पट्ट्या निघाल्या. खिळ्यांची ओळ आणि सोललेल्या जागा मिळून लागणार होत्या तीसच्या वर. सुनीतीचं तोंड पाहून भुरीबाई म्हणाली, "काहून भेता? बाहेरच्या छपरावरच्या काढू." पोर्चवर, गाडी उभी करायच्या जागी, त्याच पट्ट्यांचं छोटं छप्पर होतं. त्याला वर कडुनिंबाची सावली, त्यामुळे पट्ट्या अजून धड होत्या. कवेलूची तिची रीतच ती होती. चांगलं ते निजायच्या जागेवर, फुटकं ते वळचणीला. "गाडीले सर्दी होत नाई," ती म्हणाली.

पट्ट्या सोडवायला तिच्याकडे हत्यार नव्हतं. तिनं स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि सुनीतीचा सराटा, पोळ्या उलटायचं उलथनं, उचललं. वरच्या पट्टीच्या पोटाखाली ते हलकेच सरकवून, जिथं डांबरानं डांबर धरलं होतं तिथं, ती ते इतक्या सावकाश हलवायची की पट्टी झोपेत असताना कूस बदलल्यासारखी सुटायची. मग खिळे उपसायचे, जुनी पट्टी खालून ओढून काढायची, नवी आत सरकवायची, ठोकायची, आणि वरच्या पट्टीखाली डांबरी लुकणाचा रुपयाएवढा ठिपका देऊन बसवायची. यवतमाळहून लुकणाचा डबा चारुदत्तनं आणला होता. माथ्यावरचे उपसलेले चौदा खिळेही त्यानंच एका डबीत मोजून ठेवले होते. कडा वळलेल्या पट्ट्यांखाली लुकण लावून ती वर विटा ठेवायची. "दुपारचं ऊन आता आपलं काम करन. पयल्या दिशी थे दुश्मन होतं," ती म्हणायची. साडेसातला ती उतरायची, एखादी पट्टी अर्धी राहिली असली तरी.

खोलीतल्या पाट्या सुनीतीनं घासून धुतल्या आणि दिवसभर पंखे लावून वाळवल्या. शाल्मलीला वर यायला बंदी होती. ती खाली भुरीबाईची कडी सांभाळत बसायची आणि ती उतरली की तिला प्रश्न विचारायची.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. भेव नाई त्यानं चढूच नाई."

"मग शिकलात कशा?"

भुरीबाईनं दोन्ही पाय पसरले. "माहा मालक खेमसिंग. छपराचं काम त्याचं. म्या खालून कवेलू देत जाओ. एक डाव बोरीकडं काम होतं. सडका वासा त्याच्याखाली मोडला, कंबर गेली. लोकायनं त्याले बैलगाडीत टाकला. छप्पर अर्धं उघडं, आभाळ भरून आलं, अन् आत आठ दिसाची बाळंतीण. मालक गाडीत निजल्या निजल्या म्हने, पाळण्यावरचं झाक. म्या चढली. पाळणा कुठी हाय थे आतून इचारलं, तेवढं झाकलं, मंग बाकीचं. तवापासून चढतोच हाय." ती कडी पायात घालत म्हणाली, "खेमसिंग अजून हाय. घरी बसून मले शिकवते. काल म्हने, डांबराचं छप्पर काय असते, मले बी दाखव. दुसरा तुकडा नेला त रातभर हातात घेऊन बसला."

सहाव्या दिवशी काम संपलं. सूर्य अजून कडुनिंबाच्या मागे होता. भुरीबाईनं उरलेली आख्खी घागर सुनीतीच्या हाती दिली. "आता टाका सारी. माथ्यावरून." आणि स्वतः वर शाल्मलीच्या पलंगावर जाऊन झोपली. हेही तिचं ठरलेलं होतं. ज्या जागेसाठी चढलं तिथं शेवटी स्वतः निजून पाहायचं.

सुनीती या वेळी दोर न बांधता शिडीच्या टोकापर्यंत गेली, मग परत उतरून दोर बांधून चढली. तिनं घागर माथ्यावर धरली आणि ओतली. पाणी खवल्यांवरून पसरत, पावलाच्या ठशात क्षणभर थांबून, पुन्हा वाट काढत पन्हळीत गेलं. ठशाची ती पट्टी बदलायची का, असं तिनं दोन दिवसांपूर्वी विचारलं होतं. "तिच्यातून पानी जात नाई," भुरीबाई म्हणाली होती. "राहू द्या. म्या पुन्हा चढली त दिसली पाह्यजे."

सुनीती काठीची वाट पाहत राहिली. एक टक म्हणजे गळतं. काहीच वाजलं नाही. दोनदाही नाही. तिनं हाक मारली, "भुरीबाई?" उत्तर नाही. नऊ वर्षं रात्री-अपरात्री दुसऱ्या खोलीतून मुलीचा आवाज आला नाही की ती अशीच धावत जायची. ती घाईनं उतरली, दोर सोडायलाही विसरली आणि तो सोडायला पुन्हा चार पायऱ्या मागे गेली, मग जिना चढली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पाट्या कोरड्या, फिक्या, धुतलेल्या लाकडाच्या रंगाच्या. पलंगावर भुरीबाई कुशीवर झोपली होती, हात गालाखाली, पायाची बोटं अजून काहीतरी धरून असल्यासारखी वळलेली. तिला गाढ झोप लागली होती. बंदी मोडून वर आलेली शाल्मली पलंगाशेजारी फरशीवर बसली होती. तिनं आईला पाहून ओठांवर बोट ठेवलं.

सुनीती तिच्याजवळ बसली. सवयीनं तिचा हात मुलीच्या पाठीवर गेला, श्वास मोजायला. श्वास सरळ होता. वर पाहिलं. डाग होता तिथं काही नव्हतं. पाऊस पाऊसच असतो, घागर ही घागर असते, हे तिला कळत होतं. भुरीबाईनंही श्रावणात एकदा पाहून जाईन असंच म्हटलं होतं, त्यापेक्षा जास्त काही नाही. तरीही त्या खोलीत तिला देवळात बसल्यासारखं वाटत होतं.

"ठरलं का गं आई?" शाल्मलीनं कानात विचारलं.

सुनीतीनं उठून कपाट उघडलं, नागपूरच्या सामानातली रंगपेटी काढली आणि तिच्या हातात दिली. मग भुरीबाईची कडी उचलून, आवाज होऊ न देता, तिच्या उशाशी ठेवली.